सात तारांची चांगली गिटार घ्यायची आहे (बजेट साडेतीन लाख). एकदा फसलोय, पुन्हा नको

ड्रॉप_ए:

मंडळी नमस्कार. वय ३९, मुक्काम कोथरूड, नोकरी आयटीत. गिटार कॉलेजपासून वाजवतोय, म्हणजे फिरोदियाच्या नाटकात कुठेतरी डिस्टॉर्शन घुसडायची हौस होती तेव्हापासून. मध्ये लग्न, कर्ज, मुलगी या क्रमाने आठ वर्षं गिटार कपाटावर. लॉकडाऊनमध्ये खाली काढली ती परत चढलीच नाही.

आता मूळ दुखणं. दोन वर्षांपूर्वी सात तारांचं वेड लागलं आणि एका ऑनलाइन दुकानातून फोटो बघून सत्तर हजारांची एक मागवली. दुकानाचं आणि कंपनीचं नाव घेत नाही, झालं ते झालं. दिसायला अशी की बायकोसुद्धा "छान आहे" म्हणाली. पण सातवी (सगळ्यात जाड, खालच्या सुराची) तार म्हणजे नुसता चिखल. मोकळी वाजवली तर बरी. बाराव्या फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या पट्टीवर) दाबली की ट्यूनर वीस सेंट वर दाखवतो, म्हणजे एका सुराच्या दहाव्या भागाइतकी बेसूर. सॅडल (तळाशी तार टेकते तो सरकता तुकडा) मागे सरकवत सरकवत शेवटाला नेलं, स्क्रूची जागा संपली, तरी सूर काही जागेवर येईना. इथल्या एका सेटअपवाल्याने नेकवरून (गिटारच्या दांडीवरून) एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, ही पिळलेली आहे." परत करायची मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती.

यंदा बोनस बरा झाला. घरी मंजुरी मिळाली आहे, पण अट अशी की आधीच्या दोन विकायच्या आणि ही शेवटची. ("शेवटची" हा शब्द तिने दोनदा उच्चारला.)

वाजवतो काय: पंधरा दिवसांतून एकदा कर्वेनगरला स्टुडिओत चार जण जमतो. दोन गाणी सातवी तार नेहमीच्या बी सुराला ठेवून, बाकी सगळी ती एक सूर खाली, ए ला उतरवून. घरी इंटरफेस, लॅपटॉप आणि हेडफोन, कारण शेजारच्या आजी. ट्रेमोलोचा (तारा ढिल्या-घट्ट करून सूर हलवायचा) दांडा आयुष्यात चारदा वापरला असेल.

डोक्यात असलेल्या: म्युझिक मॅनची जेपी ७ (ड्रीम थिएटरच्या जॉन पेट्रुचीची), आयबनेझची जपानी प्रेस्टिज, स्ट्रँडबर्गची बोडेन ७, आणि मनातली खरी राणी म्हणजे पोलंडची मायोनेस डुव्हेल. तीन महिने व्हिडिओ बघतोय. प्रत्येक व्हिडिओत प्रत्येक गिटार भन्नाट वाजते. सगळ्यांचा आवाज सारखाच येतो हेही आता लक्षात आलंय.

साडेतीन लाखांत ड्यूटी, कुरिअर, सेटअप सगळं बसवायचं आहे. पैसे नक्की कशासाठी मोजायचे, ते सांगा.

टवाळ_तुंबडी:

सात तारा हव्यात तर सतार घ्या. वर तरफा फुकट.

ड्रॉप_ए:

हा विनोद घरी सासऱ्यांनी आधीच केलेला आहे. पुढचा.

पिकअप_दादा:

नाशिककर. १५ वर्षं मेटल वाजवतोय, सातपैकी चार गिटार सात तारांच्या.

स्पष्ट सांगू? लाकूड, देश, कारखाना हे सगळं कौतुक आहे. हाय गेनमध्ये (डिस्टॉर्शन चढवल्यावर) आवाज पिकअपचा, म्हणजे तारेचं कंपन पकडणाऱ्या चुंबकाचा. दीड लाखाची कुठलीही बऱ्यापैकी घे, त्यात फिशमन फ्लुएन्स किंवा बेअर नकल टाक, उरलेल्या पैशात बायकोला कुठेतरी फिरवून आण. माझ्या मुख्य गिटारवर मी हेच केलंय.

आणि दुसरं, तुझा चिखल निम्मा गिटारचा नसेलच. गेनच्या आधी एक ट्यूब स्क्रीमर (ओव्हरड्राइव्हचं पेडल) लाव, लॅपटॉपमध्ये असतोच. ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल पूर्ण. तो खालचा फुगवटा डिस्टॉर्शनच्या आधीच कापतो, मग पाम म्यूट (तळहात टेकवून मारलेले फटके) कसे ठक्क ठक्क येतात बघ. सात तारांवाले जवळजवळ सगळे हे करतात आणि व्हिडिओत सांगत नाहीत.

ड्रॉप ट्यूनिंग बदलत राहणार असशील तर फ्लॉइड रोझ (स्प्रिंगवर तरंगणारा ट्रेमोलो ब्रिज) घेऊ नकोस. एक तार उतरवली की स्प्रिंगचा तोल जातो आणि बाकीच्या सहा चढतात. तू दर जॅमला बी आणि ए करणार, वेडा होशील.

जवारीवाला:

ड्रॉप_ए, तुमच्या प्रश्नात "बाराव्या फ्रेटवर वीस सेंट" वाचलं आणि राहवलं नाही. मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीत आमचं घर नाही, पण लहानपण तिथंच उंडारण्यात गेलं. गेली अकरा वर्षं गिटारची सेटअपची कामं करतो, सांगली-कोल्हापूर-बेळगावची पोरं येतात. दिवसा बँकेत असतो.

दादांचं फ्लॉइडचं आणि ट्यूब स्क्रीमरचं बोलणं शंभर टक्के. पिकअपचं पन्नास टक्के. पिकअप जे ऐकतो तेच पुढं पाठवतो. तारच बेसूर असेल तर तो बेसूर इमानदारीत पाठवणार.

आता थोडं लांबड लावतो, चहा घेऊन बसा.

आमच्याकडं तंबोरा करणारे खर्जाच्या तारेला किती लांबी देतात ते बघा. पुरुषी तंबोरा काळी एकला लावला तर खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास बोलतो. त्याला घोडीपासून वरपर्यंत साधारण मीटरभर तार मिळते. तुमच्या गिटारची सातवी तार बी ला ६१.७ हर्ट्झ, म्हणजे त्या खर्जाच्याही एक सूर खाली. ए ला उतरवली की ५५. आणि लांबी किती? साडेपंचवीस इंच, ६४८ मिलिमीटर. मीटरभर तारेचं काम तुम्ही तिच्या दोन-तृतीयांश लांबीकडून करून घेताय, तेही तिच्यापेक्षा खालच्या सुरात. मग ती तार जाड करावी लागते. जाड आणि आखूड तार तारेसारखी कमी आणि सळईसारखी जास्त वागते, तिचे वरचे स्वर जागेवर पडत नाहीत. ढिली असेल तर आणखी एक भानगड: जोरात छेडली की आधी सूर वर उडतो, मग खाली येऊन बसतो. माझ्याकडं आलेल्या एका साडेपंचवीस इंचीवर ५९ ची (म्हणजे इंचाचे ५९ हजारांश जाड) तार ए ला लावलेली होती. स्ट्रोब ट्यूनरवर बघितलं, पोरगं जोरात मारायचं तेव्हा पहिल्या क्षणाला पंचवीस सेंट वर. त्याला वाटायचं त्याचा कान खराब झालाय.

म्हणून माझ्या मते सात तारांच्या गिटारमध्ये पैसे मोजायचे ते सातव्या तारेसाठी. बाकीच्या सहा कुठल्याही बऱ्या गिटारवर वाजतात.

हिशेब सोपा आहे. तोच सूर, तीच तार, लांबी साडेपंचवीसवरून साडेसव्वीस केली की ताण आठ टक्क्यांनी वाढतो. सत्तावीस केली की बारा टक्क्यांनी. उलट बी वरून ए ला उतरलात की ताण एक पंचमांशानं कमी. तो भरून काढायला साडेपंचवीसवर ५९ च्या जागी ६६ ची तार लागते, साडेसव्वीसवर ६४ मध्ये भागतं. दोनच आकड्यांचा फरक दिसतो, पण दाबल्यावर बोटाला कळतो.

साडेपंचवीस हा काही शास्त्राचा नियम नव्हे. आयबनेझनं १९९० मध्ये स्टीव्ह व्हायची युनिव्हर्स काढली, कारखान्यात मोठ्या संख्येनं बनलेली पहिली सात तारांची सॉलिड बॉडी ती. लांबी सहा तारांचीच ठेवली, नेक रुंद केली, ट्यूनिंग सरळ बी. तिथंवर ठीक. चार वर्षांनी कॉर्नवाल्यांनी पहिल्या अल्बमवर तीच गिटार सगळीच एक सूर खाली, ए पर्यंत उतरवली, आणि मग सगळ्या जगाला ते ढिलं गुरगुरणं आवडायला लागलं. त्यांच्या संगीताला ते शोभतं. तुम्हाला ठक्क आवाज हवा असेल तर मात्र लांबी बघा. (मेटलवाल्यांनी ही तार शोधली असं कुणी म्हणत असेल तर त्याला सांगा, जॉर्ज व्हॅन एप्स नावाचे जॅझवाले १९३० च्या दशकाच्या शेवटी खाली ए लावलेली सातवी तार घेऊन बसले होते.)

तुमच्या यादीबद्दल. जेपी ७ ची लांबी साडेपंचवीस. गिटार म्हणून फार उंची, नेक हातात लोण्यासारखी, पण तुमच्या ए मधल्या गाण्यांसाठी तिच्यावर ६६ चढवणार आणि नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) घासून घेणार. तिच्यातला पिएझो (अकूस्टिकसारखा आवाज देणारा जादा पिकअप) तुम्ही वापरणार आहात का? नसाल तर त्याचे पैसे देताय. बोडेनमध्ये फ्रेट पंख्यासारखे पसरलेले असतात, पातळ तार साडेपंचवीस, जाड तार सव्वासव्वीस. विचार म्हणून मला ती सगळ्यात पटते, तंबोऱ्यावाला पण हसून "बरोबर आहे" म्हणेल. मात्र तिच्या नेकचा मागचा भाग गोल नसून कंगोरेदार आहे. काहींना दहा मिनिटांत आवडतो, काहींना जन्मात नाही. हात लावल्याशिवाय घेऊ नका. डुव्हेल साडेतीनात ड्यूटीसकट नवी बसणार नाही, तिचा फोटो लॅपटॉपवर लावा.

आयबनेझमध्ये आरजी बघू नका, आरजीडी बघा. डी वाली बहुतेक साडेसव्वीस इंची असते. त्यातली जपानमध्ये बनलेली प्रेस्टिज, फिक्स्ड ब्रिजची (ट्रेमोलो नसलेली) मिळाली तर तुमचं काम झालं.

दुकानात किंवा कुणाच्या घरी बघायला गेलात तर अॅम्प लावू देऊ नका. अॅम्प लावला की तुम्ही रिफ वाजवणार आणि गिटार आवडणार. नुसती हातात घ्या. ब्रिजकडून डोळा लावून दोन्ही बाजूंच्या फ्रेटच्या टोकांच्या रेषा बघा, एक रेषा वर आणि एक खाली जात असेल तर पीळ आहे, तिथंच नमस्कार करा. मग पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यात फट किती ते बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. सातव्या तारेला फट अजिबात नसली की ती फ्रेटवर आपटते. तंबोऱ्यात आम्ही तार घोडीवर मुद्दाम घासवतो, दोरा सरकवून जवारी उघडतो, त्यातच त्याचा जीव. गिटारवर तीच घासणी डिस्टॉर्शनमध्ये ऐकू येत नाही, पण सूर लवकर मारते. आणि मग तुम्ही म्हणता पिकअप मेलाय.

शेवटी ट्यूनर लावून सातवी तार पहिल्या फ्रेटवर दाबा. हे कुणी करत नाही, सगळे बाराव्याच्या मागे. पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर सूर वर चढत असेल तर नटची खाच उंच आहे. हा दोष पाचशे रुपयांच्या घासण्यानं जातो, त्यामुळे त्याच्यासाठी गिटार नाकारू नका, भाव पाडा.

पिकअप_दादा:

जवारीवाले, मान्य, तुमचा तंबोरा जिंकला. पण पिकअपवर अजून ठाम आहे.

जवारीवाला:

दादा, ठाम रहा की. फक्त ड्रॉप_ए ना एक सांगून ठेवतो: जुनी सात तारांची घेताना बॉडीतली पिकअपची खाच कुठल्या मापाची आहे ते विचारा. ईएमजी ७०७ सारख्या साबणाच्या वडीएवढ्या पिकअपसाठी खोदलेली बॉडी असेल तर पुढं साधा हंबकर (नेहमीच्या मापाचा दुहेरी पिकअप) टाकायला भोवती भोक दिसत राहतं. उलटं करायचं तर लाकूड खोदावं लागतं. मागच्या वर्षी एकानं घरी ड्रिल मशीननं खोदली, बॉडीच्या मागून उजेड दिसत होता.

उमेबोशी:

मी तोक्योत राहते, मूळची डोंबिवली. बोडेन ७ माझ्याकडे तीन वर्षं आहे, म्हणून लिहिते.

आधी तिच्याबद्दल. वजन अडीच किलोच्या आसपास, हेड नाही, त्यामुळे आखूड. गर्दीच्या लोकलमध्ये पाठीला लावून उभी राहते तेव्हा मागच्याच्या नाकात काही जात नाही. माझी उंची पाच फूट एक इंच, मांडीवर घेऊन वाजवताना जड गिटारने उजवा खांदा दुखायचा, तो थांबला. कंगोरेदार नेकची सवय व्हायला मला तीन आठवडे लागले आणि अजूनही अंगठा नेकवरून वर काढून जुन्या पद्धतीने धरायला गेले की ती हात झटकते. पंख्यासारखे फ्रेट पहिल्या पाच मिनिटांनंतर दिसायचे बंद होतात. फक्त पहिल्या फ्रेटवरचे बॅरे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचे) मनगटाला विचित्र वाटतात. तुम्ही तिथे फार वाजवत असाल तर विचार करा.

आता कामाचं. जपानी गिटार घ्यायची असेल तर जपानमध्येच वापरलेली का बघत नाही? ओचानोमिझु स्टेशनवरून बाहेर आलं की मेइदाई-दोरी नावाचा उतार लागतो, दोन्ही बाजूंना वाद्यांचीच दुकानं. वापरलेल्या गिटारच्या चिठ्ठीवर इथले लोक जे लिहितात ते वाचून मला आधी हसू यायचं, आता आदर वाटतो. "फ्रेट दहापैकी आठ भाग शिल्लक. ट्रस रॉडला दोन्हीकडे वाव आहे. मागे पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे. चौदाव्या फ्रेटजवळ कडेला खोच." खोच शोधायला भिंग लागलं मला. ट्रस रॉडला (नेकच्या आतला, तिचा बाक सांभाळणारा गज) वाव आहे की नाही हे तर जरूर विचारायचं. पुण्याच्या पावसाळ्यात नेक हलणार, तेव्हा फिरवायला जागा उरलेली हवी.

ए ट्यूनिंगमध्ये वाजवायला मागितली तर दुकानदार तार बदलून देत नाही, पण उतरवून देतो. जोरात वाजवायला संकोच वाटतो, तो बाजूला ठेवायचा.

नेण्याबद्दल. फिंगरबोर्ड शिसवीचा असेल तर लोक अजून घाबरतात. २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जातींना आंतरराष्ट्रीय व्यापाराची कागदपत्रं लागत होती. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझिलियन शिसव तेवढा अपवाद, तो या वर्गातल्या नव्या गिटारवर तुम्हाला सापडणारही नाही. कोणाबरोबर पाठवणार असाल तर मुंबईला लाल चॅनेलनेच जायला सांगा, पावती दाखवायची, ड्यूटी भरायची. ड्यूटी-फ्री मर्यादेत एवढी किंमत बसत नाही. "वापरलेली आहे हो, माझीच आहे" हे नाटक माझ्या एका ओळखीच्यांनी केलं होतं. साहेबांनी "मग वाजवून दाखवा" म्हटलं. त्यांना वाजवता येत नव्हती.

विमानात तारा थोड्या सैल करा, पूर्ण काढू नका. हार्ड केस घ्या.

टवाळ_तुंबडी:

"मग वाजवून दाखवा" वर ठार झालो. कस्टममध्ये कुणीतरी संगीतप्रेमी आहे तर.

ड्रॉप_ए:

तीन आठवड्यांनी परत येतोय. सगळ्यांचे आभार, जवारीवाल्यांचे विशेष. तुमचा प्रतिसाद छापून घेतलाय. बायकोने तो वाचला आणि म्हणाली, "म्हणजे एका तारेसाठी साडेतीन लाख?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण हो.

आधी चिखलाचं. दादांचा ट्यूब स्क्रीमर त्याच रात्री लावला. ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. त्या पिळलेल्या गिटारवरसुद्धा इतका फरक पडला की पाच मिनिटं मला नवी गिटार नकोच असं वाटलं. मग बाराव्या फ्रेटवर गेलो. बेसूरपणा आता स्वच्छ ऐकू येत होता.

दोन रविवार मुंबईला गेलो. एका मित्राच्या मित्राकडे, ठाण्यात, जेपी ७ आहे. सांगितल्याप्रमाणे अॅम्प लावू दिला नाही, त्यामुळे त्या भल्या माणसाला वाटलं मी पोलीस आहे. काय गिटार आहे! नेक धरली आणि सोडवेना. बी मध्ये सातवी तार छान. परवानगी घेऊन ए ला उतरवली, जोरात मारली आणि फोनवरच्या ट्यूनरकडे बघत बसलो. सुई वर उडी मारून खाली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. तुम्ही लिहिलं नसतं तर मला ते दिसलंच नसतं आणि मी तिथेच टोकन दिलं असतं. हळू मारली की बरोबर यायची. पण मी हळू मारणारा माणूस नाही.

दुसऱ्या रविवारी अंधेरीत एकाकडे साडेसव्वीस इंची. दुसऱ्या कंपनीची, पण लांबी तीच. पहिल्या पाच मिनिटांत डाव्या करंगळीने तक्रार केली. इंचभर फरक म्हणजे काय हे वाचून कळत नाही, पहिल्या ते चौथ्या फ्रेटची ताण घेतली की कळतं. नट ४८ मिलिमीटर, माझ्या सहा तारांच्या गिटारचा ४२. तरी अर्ध्या तासात हात बसला. ए ला उतरवली, मारली. सुई जवळजवळ हललीच नाही. आणि आवाजाला असा एक कोरडा टणकपणा आला, जसा बांधकामावर सळई खाली टाकल्यावर येतो. मी वाजवायचा थांबलो आणि नुसतीच ती एक तार वाजवत बसलो. त्याची आई आतून येऊन विचारून गेली, "एवढंच येतं का याला?"

बोडेन हाताळायला मिळाली नाही. उमेबोशी, तुमचं पहिल्या फ्रेटचं वाक्य वाचून तिच्यावरून मन उडालं. मी तिथेच राहतो, पहिल्या तीन फ्रेटांत.

तर निर्णय. ऑफिसातला एक सहकारी चार महिन्यांसाठी तोक्योत आहे. उमेबोशींनी निरोपात सांगितलेल्या दुकानात तो गेला, मी व्हिडिओ कॉलवर. आरजीडी, प्रेस्टिज, फिक्स्ड ब्रिज, साडेसव्वीस इंच, वापरलेली. त्याला गिटारमधलं काही कळत नाही, त्यामुळे त्याने मी सांगितलं ते तंतोतंत केलं. ब्रिजकडून नेकचा व्हिडिओ घेतला, दोन्ही रेषा दाखवल्या. खिशातलं कार्ड फटीत सरकवून दाखवलं. दुकानदार वाकून वाकून बघत होता. मग सातवी तार पहिल्या फ्रेटवर दाबून ट्यूनर दाखवला: आठ सेंट वर. बाराव्या फ्रेटवर दोन सेंट. चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, फ्रेट नऊ भाग शिल्लक, ट्रस रॉडला वाव, बॉडीच्या खालच्या टोकाला टिचलेला रंग. टिचलेला रंग मी तीनदा झूम करून पाहिला आणि मला तो आवडायला लागला. घेतली. हार्ड केस, ड्यूटीचा अंदाज, सगळं धरून साडेतीनाच्या आत बसतंय, वर सेटअपचे पैसे उरतात.

पिळलेलीचं काय करायचं कळत नाही. विकायला मन धजत नाही, पीळ सांगितला तर कोणी घेत नाही आणि न सांगता विकणार नाही. मुलगी म्हणते भिंतीवर लावू.

जवारीवाले, गिटार गणपतीच्या आदल्या आठवड्यात पुण्यात येईल. नटचं काम तुमच्याकडेच करायचं आहे. कोयनेने मिरजेला येतो. काय काय घेऊन येऊ?

जवारीवाला:

गणपतीत येऊ नका, मी आरत्यांत असतो. अनंत चतुर्दशीनंतरचा शनिवार बघा.

६४ ची तार दोन आणा, एक घासताना वाया जाऊ शकते. बाकी सहा तुम्ही नेहमी वापरता त्याच मापाच्या, त्याच कंपनीच्या. नट मी हाडाचा करीन. आठ सेंट म्हणजे फार नाही, खाच किंचित उंच आहे आणि बहुतेक ५९ साठी कापलेली आहे, ६४ त्यात नीट बसणारच नाही. आल्या आल्या केस उघडू नका, रात्रभर खोलीत राहू द्या, सकाळी उघडू. मिरज आणि पुणे यांच्या हवेत फरक आहे, त्यामुळे परत गेल्यावर आठवड्यानं ट्रस रॉड थोडा हलवावा लागेल, ते तुम्हाला इथंच करायला शिकवतो. चावी गिटारबरोबर आलीय का ते त्या पाहुण्याला आत्ताच विचारा, दुकानात राहिली तर इथं ते माप मिळत नाही.

ती पिळलेलीही घेऊन या. नेक उतरवून बघू, बोल्टची असेल तर.

ड्रॉप_ए:

बोल्टचीच आहे. चावीचं विचारलं. दुकानातच राहिली होती. तो उद्या ऑफिस सुटल्यावर परत जातोय.